मोजायचं तर दारात मोजा, विमानाच्या तोंडाशी नको

प्रति,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली,
आणि
चिपी, मोपा व दाभोळी येथून सेवा देणाऱ्या सर्व विमान कंपन्या

विषय: केबिन बॅगचे नियम आणि जादा सामानाचे शुल्क

सप्रेम नमस्कार,

मी कुडाळ तालुक्यातली. आमचा बायकांचा गट कोकम, आगळ, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, आंबापोळी, फणसपोळी असा घरगुती माल करतो आणि पुण्या-बेंगळुरूपर्यंत प्रदर्शनांना नेतो. पूर्वी हे सगळं रेल्वेने जायचं, बहुतेक माल अजूनही तसाच जातो. पण आमच्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, 2023 च्या जानेवारीत गोव्यातल्या मोपाहून विमानं उडू लागली, आणि आमच्यासारख्यांच्या हातातही विमानाचं तिकीट आलं. त्याचा मला मनापासून आनंद आहे. चिपीच्या फेऱ्या कधी असतात, कधी थांबतात. थांबल्या की आम्ही सावंतवाडीवरून पेडण्याकडे, म्हणजे मोपाकडे वळतो. विमान मिळालं की दोन दिवसांचं काम एका दिवसात होतं. घरी म्हातारी माणसं, मुलांच्या परीक्षा, गटाचं काम असताना बाईमाणसाला हा एक दिवस किती मोलाचा असतो, ते इथल्या कुणालाही विचारा.

म्हणून हे पत्र रागाने लिहीत नाही. विमानात सामानावर मर्यादा हवीच, हे मला पटतं. आमच्याकडे येणारी बरीच विमानं एटीआर जातीची, सत्तर-बहात्तर माणसांची. त्यांच्यात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. आठ-नऊ किलोची बॅग तिथून कुणाच्या डोक्यात पडली तर काय होईल, हे सांगायला नको. वजनाचा हिशेब चुकला तर उड्डाणाला धोका, हेही कळतं. हातातल्या बॅगेला सातच किलो का, काउंटरवर द्यायच्या बॅगेला पंधराच किलो का, असा माझा वाद नाही. माझं म्हणणं एकच आहे: जो काही नियम आहे, तो आणि त्याची किंमत प्रवाशाला तिकीट काढताना कळू द्या, आणि सामान मोजायचं असेल तर ते विमानतळाच्या दारात मोजा. विमानाच्या तोंडाशी नको.

तिथे काय होतं, ते एकदा बघा.

आमच्या बाजूच्या एका विमानतळावर गेटसमोर रांग लागली होती. माझ्या पुढे साठीच्या एक मावशी होत्या. लेक बाळंत झालेली, तिच्याकडे बेंगळुरूला निघालेल्या. मोठी बॅग काउंटरवर देऊन झाली होती. हातातल्या बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढ्याच्या पुड्या, जुन्या लुगड्यांची शिवलेली दुपटी. लाडू स्टीलच्या डब्यात, कारण प्लास्टिकमध्ये ते मऊ पडतात. गेटवरच्या मुलीने बॅग काट्यावर ठेवायला लावली. नऊ किलो आणि वर काही ग्रॅम भरलं. पैसे भरा, नाहीतर सामान काढा, असं तिने सांगितलं. काढून ठेवणार कुठे? सोडायला आलेला मुलगा बाहेरून कधीच परत गेला होता. मावशींनी बॅग जमिनीवर उघडली, चार दुपटी काढून खांद्यावर टाकली, लाडवांचा डबा पोटाशी धरला आणि बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. तरी सातच्या वरच. शिवाय डबा हातात म्हणजे दुसरा नग झाला, असं उत्तर मिळालं. पैसे द्यायला त्या तयार झाल्या तर रोख घेत नव्हते, कार्ड किंवा मोबाइलच हवा होता. त्यांच्याकडे ते नव्हतं. मी माझ्या मोबाइलवरून भरले, त्यांनी कनवटीच्या पाकिटातून मोजून मला परत केले. विमानात बसेपर्यंत त्या बाई एक शब्द बोलल्या नाहीत.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला वरून सांगितलेलं असतं, तेच ती करते. पण तेच वजन तासभर आधी, मुलगा दारात उभा असताना झालं असतं, तर दोन किलो त्याच्याकडे परत गेले असते आणि प्रश्न मिटला असता. गेटवर माणसाला परत फिरायची वाट नसते, म्हणून तो मागाल तेवढे पैसे देतो. हा सौदा बरोबरीचा नाही.

आता नियमांकडे येते. हातातल्या बॅगचं वजन आपल्याकडे देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी 7 किलो आहे, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून साधारण 115 सेंमी. एवढ्यावर सगळ्या कंपन्या एकमताच्या असत्या तर बरं होतं. पण कुणी 55 बाय 35 बाय 25 म्हणतं, कुणी 55 बाय 40 बाय 20. बेरीज तीच, आकार वेगळा. दुकानात केबिन साइज म्हणून घेतलेली कडक बॅग एका कंपनीच्या माप बघायच्या लोखंडी चौकटीत जाते, दुसरीच्या जात नाही, कारण चाकं आणि मूठ धरली की दोन बोटं जास्त होतात. जाताना एका कंपनीचं विमान, येताना दुसरीचं, असं आमच्या बाजूला सर्रास होतं, कारण फेऱ्याच मोजक्या. मग आम्ही घरात दोन बॅगा ठेवायच्या का? सगळ्या जगासाठी एकच माप असावं, असा प्रयत्न 2015 मध्ये विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केला होता आणि विरोध झाल्यावर बाजूला ठेवला. जगाचं राहू द्या. एका देशातल्या कंपन्यांना एक चौकट ठरवायला काय हरकत आहे?

हातात एकच बॅग, ही अट नागरी विमान सुरक्षा ब्युरोची. ती घालताना त्यांनीच काही वस्तू त्यातून वगळल्या आहेत: बायकांची पर्स, शाल किंवा पांघरूण, छत्री किंवा काठी, वाचायची पुस्तकं, तान्ह्या बाळाचं खाणं, लॅपटॉप, कुबड्या, घडीची खुर्ची. ही यादी किती प्रवाशांना माहीत आहे? आणि गेटवरच्या किती कर्मचाऱ्यांना? मी पर्सदेखील नग म्हणून मोजलेली पाहिली आहे. ही यादी चौकटीच्या शेजारी मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा. पावसाळ्यात आमच्याकडे छत्रीशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. ती बॅगेत कोंबताना म्हाताऱ्या माणसांची तारांबळ मी बघितली आहे.

काट्याचंही बोलायला हवं. आमच्या गटाच्या काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी करून शिक्का मारून घ्यावा लागतो आणि तो दाखला गिऱ्हाइकाला दिसेल असा लावावा लागतो. हे योग्यच आहे. शंभर ग्रॅम मसाला विकताना मी गिऱ्हाइकाला फसवत नाही, हे त्याला दिसलं पाहिजे. मग जिथे प्रत्येक किलोला शेकड्यांनी रुपये घेतले जातात, त्या काट्यावरचा दाखला प्रवाशाला का दिसत नाही? माझी एक बॅग काउंटरवर 6.8 किलो आणि त्याच सकाळी गेटवरच्या काट्यावर 7.5 किलो भरली. मध्ये मी पाण्याची बाटलीसुद्धा घेतली नव्हती. दोनांतला एक काटा चुकीचा होता, एवढं नक्की. पैसे मात्र जास्त दाखवणाऱ्या काट्याप्रमाणे द्यावे लागले.

दराचा इतिहास महासंचालनालयाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. 2016 च्या जूनमध्ये तुम्हीच ठरवून दिलं होतं, की 15 किलोच्या वर 20 किलोपर्यंत कंपन्यांनी किलोला 100 रुपयांपेक्षा जास्त घेऊ नयेत. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. त्यानंतर 2018 मध्ये देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीने विमानतळावरचा दर किलोला 400 रुपयांवर नेला, आणि तेव्हापासून तो वरच जात राहिला आहे. 2021 मध्ये तर तुम्ही कंपन्यांना बिनसामानाचं स्वस्त तिकीट विकायचीही मुभा दिली. ज्याच्याकडे खरंच फक्त हातातली बॅग आहे, त्याला त्याचा फायदा होतो, हे मी मान्य करते. पण ज्याला असं तिकीट घेतल्याचं कळलंच नाही, त्याचं काय? मुंबईतला नातू मोबाइलवर सगळ्यात स्वस्त दिसलं ते तिकीट काढतो, आजी इकडे पंधरा किलोची बॅग भरून बसते.

उडान योजनेत, ज्यातून चिपीची सेवा सुरू झाली, तासाभराच्या प्रवासाला काही आसनांचं भाडं 2,500 रुपयांपर्यंत बांधून दिलेलं होतं. सामान्य माणसाला विमान परवडावं हा त्यामागचा हेतू, आणि हेतू चांगलाच. आता हिशेब करा. पाच किलो जास्त, किलोला 2018 चेच 400 रुपये धरले, तरी 2,000 रुपये. माणसाचं भाडं सरकार बांधून देतं आणि त्याच माणसाच्या पाच किलो पिठाचं भाडं जवळपास तेवढंच होतं. भाडं बांधून देण्याचा उपयोग मग कितीसा उरला? दर अजिबात नकोत, असं मी म्हणत नाही. आधी नोंदवलं तर स्वस्त, विमानतळावर महाग, हेही समजू शकते. पण त्या दोन दरांतलं अंतर किती असावं, याला काही मर्यादा हवी. 2016 चा आदेश न्यायालयापुढे टिकला नाही म्हणून तो विषय संपला असं मानू नका. टिकेल अशा रीतीने पुन्हा करा. कायद्यात अधिकार कमी पडत असेल तर मंत्रालयाकडून तो मागून घ्या.

युरोपात हा वाद आपल्यापेक्षा जुना आहे. युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटलं, की वाजवी वजनाची आणि आकाराची हातातली बॅग हा प्रवासाचाच भाग आहे, तिचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या सरकारने हातातल्या बॅगचे पैसे घेतल्याबद्दल आणि इतर काही आकारण्यांबद्दल पाच कंपन्यांना मिळून सुमारे 17 कोटी 90 लाख युरोंचा दंड ठोठावला. आपल्याकडे हातातल्या सात किलोंचे पैसे घेत नाहीत, ते अजून तरी चांगलं आहे. ते तसंच राहील, असं महासंचालनालयाने लेखी सांगावं, असं मला वाटतं.

आता आमच्या प्रदेशाचं थोडं वेगळं म्हणणं, आणि ते मी सविस्तर मांडणार आहे, कारण दिल्लीत बसून ते दिसत नाही.

कोकणातून माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही. मे महिन्यात आंबा, गणपतीनंतर नारळ आणि पोह्या-खाज्यांच्या पिशव्या, एरवी कोकम, उकडे तांदूळ, काजू, सुकी मासळी. हे सामान बाजारात विकत मिळतं म्हणून सोडून देण्यासारखं नसतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गासह कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हेच आहे: ही वस्तू इथलीच, दुसरीकडची नव्हे. तोच आंबा घेऊन विमानतळावर या. एका हापूसचं वजन साधारण पाव किलो. दोन डझनांचे सहा किलो, खोक्याचं आणि पेंढ्याचं धरून सात. कपड्यांची बॅग सात किलोंची. एकूण चौदा, म्हणजे पंधराच्या आत. तरीही काही कंपन्या पैसे मागतात, कारण त्यांच्या नियमात पंधरा किलो एकाच नगात हवेत, आणि बॅग आणि खोकं मिळून दोन नग होतात. आंबे कपड्यांच्या बॅगेत कोंबले तर मुंबईत उतरताना रस काढावा लागेल. वजन मर्यादेत असेल तर आंब्याच्या हंगामात, म्हणजे निदान एप्रिल-मेमध्ये, कोकणातून निघणाऱ्या विमानांवर दोन नग चालू द्या. सामान चढवणाऱ्या माणसाची पाठ सांभाळायची म्हणून एका नगाला 32 किलोची मर्यादा जगभर आहे, ते बरोबर आहे. पण सात-सात किलोंच्या दोन नगांनी कुणाची पाठ मोडत नाही.

नारळाचंही असंच. सुकं खोबरं विमानात चालत नाही, कारण त्यात तेल भरपूर असतं आणि ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. हे कारण ऐकल्यावर मी आमच्या गटातल्या सगळ्यांना सांगितलं आणि तेव्हापासून कुणी नेत नाही. बघा, कारण सांगितलं की माणसं ऐकतात. ओला, अख्खा नारळ हातातल्या बॅगेत चालत नाही. पण शबरीमलेच्या यात्रेसाठी सुरक्षा ब्युरोने 2022 पासून यात्रेच्या काळापुरती, तारखा जाहीर करून, नारळ हातात न्यायची परवानगी दिली. एक्स-रे, स्फोटकांची चाचणी, हाताने तपासणी, हे सगळं करूनच. म्हणजे एका प्रदेशाची रीत समजून घेऊन नियमात वाट काढता येते. गणेशोत्सवाच्या आठवड्यांत आमच्या बाजूच्या विमानतळांसाठी असाच विचार व्हावा. घरच्या माडाचा, देवापुढे ठेवलेला नारळ मुंबईला न्यायचा, एवढंच मागणं आहे.

आमचे भजनी बुवा आणि दशावतारी मंडळी बाहेरगावी कार्यक्रमांना जातात. पेटी आणि पखवाज कुठल्या नियमात बसतात, याचं उत्तर कंपनीगणिक आणि माणसागणिक बदलतं. पखवाजाची पुडी एकदा फाटली की त्या रात्रीचा कार्यक्रम गेला. वाद्यांसाठी एक स्पष्ट, लेखी नियम करा, एवढंच म्हणते.

रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो फुकट नेता येतात. विमानाने तेवढं द्यावं असं कुणी समजूतदार माणूस म्हणणार नाही. पण रेल्वेत तो आकडा वर्गाप्रमाणे ठरलेला आहे आणि देशभर एकच आहे. एसटीतही कंडक्टर सामानाचं तिकीट फाडून हातात देतो. विमानतळावर मी भरलेल्या पैशांची पावती नंतर ईमेलवर आली, त्यात किती किलोंचे आणि काय दराने, हे काहीच नव्हतं. हल्ली भरलेल्या प्रत्येक पैशाला कर लागतो, आणि हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारखीला खर्च दाखवायला नीट पावती लागते.

अजून एक गोष्ट सुरक्षेची आहे. जागा नाही म्हणून गेटवर हातातली बॅग काढून घेऊन खालच्या भागात टाकतात, तेव्हा तिच्यात पॉवर बँक असू शकते. ती खाली ठेवायची नसते, हा तुमचाच नियम. घाईत ती काढायला सांगायचं राहून जातं. औषधांचंही तेच, मधुमेहाच्या माणसाचं इन्सुलिन त्या बॅगेत असतं. बॅग घेण्याआधी या दोन गोष्टी विचारणं सक्तीचं करा.

तर महासंचालनालयाकडे माझी मागणी ही. तिकिटाच्या अंतिम किमतीच्या शेजारीच, पैसे भरायच्या आधी, किती किलो, किती नग आणि जादा किलोला विमानतळावर किती, हे मराठीसह प्रवाशाच्या भाषेत दिसलंच पाहिजे, असा नियम करा. दलालाकडून किंवा नातवाच्या मोबाइलवरून काढलेल्या तिकिटावरही ते छापलेलं असावं. सगळ्या कंपन्यांना हातातल्या बॅगची एकच चौकट लावा. आणि काट्यावर पडताळणीचा दाखला असल्याशिवाय एक रुपयाही घेता येणार नाही, असं स्पष्ट लिहा.

कंपन्यांकडे मागणी त्याहून सोपी आहे, तिला दिल्लीच्या आदेशाची वाट बघायला नको. विमानतळाच्या दाराबाहेर, जिथे गाड्या थांबतात आणि घरची माणसं निरोप द्यायला उभी असतात, तिथे एक काटा आणि एक चौकट ठेवा, कुणालाही फुकट वापरता येईल अशी. काउंटरवर हातातली बॅग एकदा मोजून तिला चिठ्ठी बांधा, आणि ती चिठ्ठी असलेली बॅग गेटवर पुन्हा काट्यावर चढवू नका. ज्यांच्याकडे मोबाइलवर पैसे नाहीत, त्यांच्याकडून रोख घ्या आणि तिथल्या तिथे किलो व दर लिहिलेली पावती द्या.

या पत्राची प्रत सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या लोकप्रतिनिधींना पाठवते आहे. पुढच्या आंबा हंगामाआधी उत्तर मिळालं तर आमच्या गटाला माल कसा न्यायचा ते ठरवता येईल.

कळावे,

आपली,
कुडाळ तालुक्यातील एक प्रवासी आणि घरगुती उद्योग चालवणारी